लेकीच्या मेडिकलच्या निबंधाला शिकवणी लावायची का?

मिरजेची_माई (एडिसन, न्यू जर्सी) · ८ मार्च

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मुलगी इथे न्यू जर्सीतच बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचेत. जानेवारीत एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली, ५१३ आले. ५२८ पैकी ५१३ म्हणजे चांगले, असं सगळे म्हणाले म्हणून मीही पेढे केले. हुश्श करतेय तोच कळलं की पर्सनल स्टेटमेंट नावाचं एक प्रकरण अजून शिल्लक आहे. प्रश्न एकच, तुम्हाला मेडिकलला का जायचंय? उत्तर ५३०० अक्षरांत, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागासुद्धा मोजून.

मी १९९० ची बारावी. आमच्या वेळी पीसीबीचे मार्क बघायचे आणि यादी लागायची. नाव असलं तर पेढे, नसलं तर बीएस्सी. माझं नव्हतं. पण तुला डॉक्टर का व्हायचंय, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. घरच्यांनीसुद्धा नाही. त्यामुळे या बाबतीत लेकीला मदत करायला मी ठार अडाणी.

मंडळातल्या एका मैत्रिणीने एका सल्लागाराचं नाव दिलं. तासाला दीडशे डॉलर, सहा तासांचं पॅकेज, पैसे आधी. नऊशे डॉलर भरले. लेकीने आपला पहिला खर्डा पाठवला आणि चार दिवसांनी तो परत आला. शाळेत असताना माझी गणिताची वही यायची तसा, लालेलाल.

आता खर्ड्यात काय होतं ते सांगते. लेक आमच्या गावच्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये दोन वर्षं ईएमटी आहे, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर प्रथमोपचार करणारी, बिनपगारी. रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्सवर जाते. एका रात्री कॉल आला, म्हाताऱ्या बाई बाथरूममध्ये पडल्या आहेत. घर मराठी. बाई इंग्रजी बोलेनात. सुनेला घाम फुटलेला. आमची लेक ओल्या फरशीवर बसली आणि तिच्या त्या अर्ध्याकच्च्या मराठीत म्हणाली, "आजी, तू कशी पडलीस?" आता आमच्याकडे आजीला 'तू'च म्हणतात, तिला दुसरं काही येतच नाही! सून बघतच राहिली. आणि त्या बाई तशा अवस्थेत हसल्या. म्हणाल्या, "अगं, माझी नातपण मला अशीच दटावते." मग बोलायला लागल्या. एवढीच गोष्ट. मला वाचून बरं वाटलं होतं.

सल्लागारांचं म्हणणं, ही गोष्ट फार लहान आहे, यात नाट्य नाही. त्यांनी तिला प्रश्न विचारून विचारून माझ्या आईचं आजारपण काढलं. माझी आई मिरजेला वारली, २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. मधुमेह होता, पाय चिघळला होता, शेवटी किडन्या गेल्या. आम्हाला जाता आलं नाही. लेकीने आजीला शेवटचं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर, तेही नेट अडकत होतं. परत आलेल्या खर्ड्याची सुरुवात अशी: आजीचा हात माझ्या हातात होता आणि मॉनिटरवरची रेषा सपाट झाली.

अहो, कुठला हात आणि कुठला मॉनिटर! लेकीने विचारलं तेव्हा उत्तर आलं की भावना तर खरी आहे ना.

लेक दोन दिवस जेवली नाही धड. नवरा म्हणतो, नऊशे डॉलर भरलेत, त्यांना अनुभव आहे, ऐकावं. मला आतून पटत नाहीये, पण माझा अनुभव तो काय? बारावीला मराठीचा निबंध, 'पावसाळ्यातील एक दिवस'.

तर विचारायचं असं: इतकी मदत घेतलेली चालते का? दुसरी शिकवणी लावावी तर ती कशी असावी? आणि मी ते वाचावं की वाचू नये? लेक म्हणते, आई तू वाचलंस की मला ते तुझ्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं.

---

आप्पा_कोथरूड · ८ मार्च

निबंध वाचून डॉक्टर निवडतात? धन्य आहे. आमच्या नातवाने 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. हिशेब चोख. तुमच्याकडे जो छान लिहितो तो ऑपरेशनपण छान करतो का?

(सहा तासांचे नऊशे डॉलर हे मात्र वाचून आमच्या क्लासवाल्यांबद्दलचा राग थोडा कमी झाला.)

---

शाईचा_डाग (आयोवा) · ९ मार्च

माई, आधी एक सांगते. तुमच्या लेकीला जे खटकलं ते बरोबर खटकलं. दोन दिवस जेवली नाही यावरून पोरगी चांगली डॉक्टर होईल असं मला वाटतं, पण हे काही निबंधात घालता येणार नाही.

मी इथल्या एका कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये नऊ वर्षं शिकवलं. रायटिंग सेंटर म्हणजे काय, तर कॉलेजातच एक खोली असते, चार-सहा टेबलं, आणि विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतात. बहुतेक कॉलेजांत ही सोय विद्यार्थ्यांना फुकट असते. फुकट म्हणजे फीमध्येच धरलेली. म्हणजे तुम्ही तिचे पैसे आधीच भरलेत! लेकीला म्हणावं, आधी तिथे वेळ घे. एप्रिल-मेमध्ये तिथेही रांग लागते.

आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवलेला नियम एकच होता. पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात. आपण हातात घ्यायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. कागद त्याच्यासमोर, आपल्यासमोर नाही. मग त्याला मोठ्याने वाचायला लावायचं. वाचताना पोरं स्वतःच थांबतात. "मॅम, हे असं मी कधी बोलत नाही," म्हणतात. मी म्हणायचे, मग कसं बोलतोस? आणि तो सांगायचा ते लिहून घे म्हणायचे. अर्धं काम इथेच.

उरलेलं अर्धं काम म्हणजे प्रश्न. तेही आपल्या आज्या विचारायच्या तसले. मग? पुढे काय झालं? तू काय म्हणालास? तिथे अजून कोण होतं? एक मुलगा आठवतो, शेतकऱ्याचा. तीन परिच्छेद लिहून आणले होते, लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आणि लोकांची सेवा करायची इच्छा. अशी आवड आणि अशी इच्छा त्या दिवशी माझ्या टेबलावर तिसऱ्यांदा आली होती. मी ते बाजूला ठेवून घरचं विचारलं. तर म्हणाला, गाय अडली होती, जनावरांचा डॉक्टर रात्रभर गोठ्यात होता, हा कंदील धरून. पहाटे वासरू गेलं. हा म्हणाला, मला गोठ्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की डॉक्टरने हात धुतले, स्वयंपाकघरात आला, टोपी काढली, खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला आणि मग सांगितलं. उभ्याउभ्या नाही सांगितलं. मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, यात विज्ञान कुठे आहे.

म्हणून गोष्ट लहान आहे या म्हणण्यात काही दम नाही. मरणाची गोष्ट मोठी असते, पण ती मरणाऱ्याची असते. त्यात तुमच्या लेकीने काय केलं? कॉल बघितला आणि रडली. बिचारीला दुसरं काय करता येणार होतं? उलट बाथरूमच्या गोष्टीत ती फरशीवर बसली आहे, बोलते आहे, काहीतरी करते आहे.

पण माई, त्या गोष्टीत एक भोक आहे आणि ते भरल्याशिवाय ती निबंध होणार नाही. आजी हसल्या, बोलायला लागल्या. बरं, काय बोलल्या? म्हातारं माणूस पडलं की ईएमटी काही ठरलेलं विचारतात. डोकं आपटलं का, शुद्ध गेली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पडायच्या आधी काय वाटत होतं. त्या मराठीतून तिला असं काय कळलं जे सुनेला माहीत नव्हतं? हे लेकीला विचारा. म्हणजे विचारा फक्त, लिहून देऊ नका.

आणि दुसरा प्रश्न, सगळ्यात अवघड. हे सगळं नर्सही करू शकते, दुभाषीही करू शकतो. मग डॉक्टरच का? याचं उत्तर निबंधात कुठेतरी असावंच लागतं. अगदी एका वाक्यात असलं तरी चालतं, पण ते त्याच गोष्टीतून फुटलेलं हवं. वरून चिकटवलेलं लगेच ओळखू येतं.

शिकवणी कशी असावी विचारलंत. जो पहिल्या तासाला बोलण्यापेक्षा जास्त ऐकतो, तो लावा. जो दुसऱ्या मुलांचे 'निवड झालेले' निबंध नमुना म्हणून पाठवतो, त्याच्यापासून लांब राहा, उद्या तुमच्या लेकीचाही नमुना होईल. जो प्रवेशाची हमी देतो त्याला तर नमस्कारच करा. आणि खर्डा परत आला की लाल रंग किती आहे ते बघू नका, प्रश्नचिन्हं किती आहेत ती मोजा.

तुम्ही वाचावं का? शेवटी एकदा, स्पेलिंगसाठी. लेक बरोबर म्हणतेय. मी माझ्या मुलाचं वाचलं होतं आणि त्याच्यावर आठ दिवस रुसले होते, कारण त्यात त्याच्या बाबांचं कौतुक होतं.

---

नचिकेत_एम३ (सॅन अँटोनियो, टेक्सस) · ९ मार्च

माई काकू, मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षांपूर्वी याच भट्टीतून निघालोय. शाईताईंनी लिहिण्याबद्दल सांगितलं, मी नियमांबद्दल सांगतो.

तुमचा पहिला प्रश्न, इतकी मदत चालते का. ॲमकॅसचा, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांचा सामाईक, अर्ज पाठवताना एका मजकुराला मान्यता द्यावी लागते. त्याचा अर्थ साधारण असा: अर्जातलं लिखाण माझं आहे, पूर्ण किंवा थोडंही तिसऱ्याने लिहिलेलं नाही. मार्गदर्शक, मित्र, सल्लागार, अगदी एआयसुद्धा कल्पना सुचण्यासाठी, मुद्रितशोधनासाठी, संपादनासाठी वापरलं तर चालेल, पण शेवटी जे पाठवतोय ते माझ्या कामाचं आणि माझ्या अनुभवांचं खरं प्रतिबिंब आहे. तेव्हा स्वल्पविराम कुणी दुरुस्त केला तर कुणाची हरकत नाही. पण न धरलेला हात धरला म्हणून लिहिणं हे संपादन नाही, ते सरळ खोटं आहे. आणि ते पकडलं जातं कुठे, तर मुलाखतीत. समोरच्याकडे निबंधाची प्रत असते. माझ्या एका मुलाखतीत बाईंनी माझ्या दुसऱ्या परिच्छेदातल्या एका ओळीवर बोट ठेवून दहा मिनिटं तेवढंच विचारलं. खोटं असतं तर मी तिथेच गारद होतो.

काही व्यावहारिक गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या नाहीत:

बक्षिसं, संशोधन, तास वगैरे निबंधात कोंबू नका. त्याला अर्जात वेगळी जागा आहे. १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं, आणि त्यातल्या तीन सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून निवडल्या की त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. ईएमटीचे तास तिथे जाऊ देत.

निबंध वर्डमधून उचलून टाकला तर कधी कधी चित्रविचित्र चिन्हं उमटतात. ठळक, तिरपं वगैरे काही टिकत नाही. साध्या मजकुरात टाका आणि सबमिट करण्याआधी पूर्ण वाचा, कारण एकदा पाठवला की निबंध बदलता येत नाही. मी 'पेशंट'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर खाल्लं होतं. अजून झोपेत दिसतं.

अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या शेवटी पाठवता येतो. बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे वाचायला घेतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत घोळवत बसू नका. पण घाईत सल्लागाराचं घालायचं, असंही नाही. तुमच्याकडे अजून अडीच महिने आहेत.

टेक्ससच्या कॉलेजांना अर्ज टाकणार असाल तर तिथल्या बहुतेकांचा अर्ज वेगळा, निबंधाला ५००० अक्षरं. म्हणजे ३०० अजून कापा. आमच्या सरकारी कॉलेजांत ९० टक्के जागा टेक्ससवाल्यांनाच असतात, तेव्हा न्यू जर्सीहून विचार करून टाका.

आणि त्या पडलेल्या आजी ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदला. गावाचं नाव, तारीख, सुनेची नोकरी, काही नको. पेशंटची गोपनीयता कशी सांभाळली हेही वाचणारा बघत असतो.

आप्पा आजोबा, निबंध वाचून ऑपरेशनं वाटत नाहीत हो. एमकॅट आहे, चार वर्षांचे मार्क आहेत, मग हे. पण वर्षाला ५० हजारांवर अर्जदार आणि जागा त्याच्या निम्म्याहून कमी, मार्क सगळ्यांनाच चांगले. मग काहीतरी वाचावंच लागतं.

---

मिरजेची_माई · १२ मार्च

शाईताई, नचिकेत, किती बरं वाटलं म्हणून सांगू. नवऱ्याला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. तो म्हणाला, म्हणजे नऊशे बुडाले. मी म्हटलं, बुडाले.

ताई, तुमचा प्रश्न लेकीला विचारला. गाडीतून जाताना विचारला, समोरासमोर विचारलं की ती आखडते. "काय गं, त्या आजी पुढे काय बोलल्या?" तर म्हणाली, सांगितलं नव्हतं का तुला? त्या म्हणाल्या, बीपीची गोळी बदलल्यापासून रात्री उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आठवडाभर येतेय. सुनेला सांगितलं नाही, कारण ती बिचारी आधीच दमलेली असते. लेकीने हॉस्पिटलला पोचल्यावर तिथल्या नर्सला हे सांगितलं, कागदावर लिहिलं, आणि ॲम्ब्युलन्स परत निघाली.

मी म्हटलं, मग? तर गप्प बसली. सिग्नल लागला. मग म्हणाली, "मग काय, मला कधी कळलंच नाही ना. त्या गोळीचंच होतं का दुसरं काही. कुणी बदलली का. आमचं काम दारापर्यंत असतं." आणि मग जरा चिडून, "मला दारातून परत यायला आवडत नाही आई."

मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर ती सरळ वर गेली आणि लॅपटॉप उघडला.

पण एक शंका. तिच्या खर्ड्यात दुसराही परिच्छेद आहे, मिरजेचा. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत महिनाभर गेली होती. माझ्या चुलतभावाचं छोटं हॉस्पिटल आहे. त्याने कौतुकाने तिला राउंडला नेलं, एकदा जखमेला टाका घालायला दिला, दोन-तीन इंजेक्शनं पण दिली म्हणे तिने. मिरजेला डॉक्टर होऊ घातलेल्या भाचीचं कौतुक असंच करतात. तो परिच्छेद सल्लागारांना फार आवडला होता, त्यांनी तो वाढवलाय. तो ठेवावा ना?

---

नचिकेत_एम३ · १२ मार्च

नको! काकू, हे मोठ्या अक्षरात लिहितोय असं समजा.

इथे याला शौर्य म्हणत नाहीत. ज्या कामाचं शिक्षण घेतलेलं नाही, ते आपल्या देशात करू देणार नाहीत म्हणून परदेशातल्या पेशंटवर करून बघितलं, असा त्याचा अर्थ लावतात. परदेशात अनुभव घ्यायला जाणाऱ्या मुलांसाठी एएएमसीच्या, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, मार्गदर्शक सूचनाच आहेत आणि त्यात हेच बजावलंय. मामांचा हेतू चांगला होता, मला पूर्ण मान्य आहे. माझ्या नाशिकच्या आत्यानेही मला ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं केलं होतं. पण तो पेशंट हो म्हणाला होता का, त्याला माहीत होतं का की ही मुलगी कोण? वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नसणार. सल्लागारांना हे माहीत नसेल तर त्यांना नऊशे कशाचे देतात?

महिनाभर राउंडला उभी राहून तिने काय पाहिलं ते लिहायला हरकत नाही. पाहिलं, ऐकलं, विचारलं. टाका नको.

---

लीड्सची_मावशी · १३ मार्च

मध्येच तोंड घालते. आमच्याकडे ब्रिटनमध्ये पोरं अठराव्या वर्षीच मेडिकलला जातात, त्यामुळे हा ताप आम्हाला तुमच्याआधी चार वर्षं. यूकॅसवर, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या सामाईक अर्जावर, निबंधाला ४००० अक्षरं. पूर्वी सलग लिहायचं असे, २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत, प्रत्येकाला किमान ३५० अक्षरं. मेडिकलसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. पाच पर्यायांपैकी चारच मेडिकलचे भरता येतात.

नमुना निबंधांवरून आठवलं. २००७ मध्ये यूकॅसने मेडिकल वगैरेचे अर्ज एकमेकांशी ताडून बघितले, तर २३४ मुलांनी एकच आठवण लिहिली होती. आठव्या वर्षी खेळण्यातल्या रसायनांच्या संचाने प्रयोग करताना माझ्या पायजम्याला जळून भोक पडलं आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली! इंटरनेटवरच्या एका नमुन्यातून उचललेली. २३४ पायजमे. माझ्या मुलाला मी हे सांगितलं तर म्हणाला, आई, त्यातल्या एकाचा तरी खरंच जळला असेल गं, त्याचं काय झालं असेल?

एक बिनखर्चाची युक्ती. माझा मुलगा लिहायला बसला की शेक्सपिअरचा नातू होत असे. म्हणून त्याला फोनवर रेकॉर्ड करायला लावलं. कुत्र्याला फिरवताना बोलत सुटायचं, इंग्रजी-मराठी जे येईल ते. मग घरी येऊन तेच उतरवायचं. पहिल्यांदा चौदा मिनिटांचं भरलं. त्यातली तीन मिनिटं कुत्र्याशी होती, पण बाकी ऐवज चांगला निघाला.

---

आप्पा_कोथरूड · १३ मार्च

पायजम्याचा किस्सा नातवाला पाठवला. आमचा प्रश्न मागे घेतो. अर्धा.

---

शाईचा_डाग · १३ मार्च

"मला दारातून परत यायला आवडत नाही." माई, हे वाक्य तिने रागात म्हटलंय ना? मग तिला आठवण करून देऊ नका. आपोआप आलं तर येऊ दे. तुम्ही सांगून घातलंत तर ते तुमचं होईल.

---

मिरजेची_माई · ६ मे

मंडळी, विसरला नसाल तर पुढचं सांगते.

सल्लागारांचे चार तास शिल्लक होते ते सोडून दिले. पैसे परत मागितले, नाही मिळाले, विषय संपला. कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये लेक सहा वेळा गेली. तिथे तिला शिकवायला कोण, तर इतिहासात पीएचडी करणारा एक लांब केसांचा मुलगा. मेडिकलमधलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही. लेक म्हणाली, तेच बरं होतं, त्याला सगळं नीट समजावून सांगावं लागायचं. त्याने एकही वाक्य लिहून दिलं नाही. एकदा तर तिने विचारलं, सांग ना इथे काय लिहू, तर म्हणे त्याने दोन्ही हात टेबलाखाली घातले.

पहिला खर्डा ७४०० अक्षरांचा होता. मिरजेचं हॉस्पिटल गेलं. माझी आई राहिली, पण दोनच ओळींत, आणि व्हिडिओ कॉलच राहिला, नेट अडकलेलं. कॉल तुटला आणि पुन्हा लागला तोवर तिकडे सगळं झालं होतं, असं काहीतरी आहे म्हणे. म्हणजे मला नवऱ्याने सांगितलं. त्याला स्पेलिंग बघायला दिलंय, मला नाही.

काल रात्री खाली आली आणि विचारलं, "आई, मोरीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" मी म्हटलं, त्या आजी बाथरूममध्ये पडल्या ना? तर म्हणाली, हो, पण त्या सारखं मोरी मोरी म्हणत होत्या, मला आधी कळतच नव्हतं कुठे पडल्या. मी मिरजेच्या घरातली मोरी आठवून सांगायला लागले, तांब्याचा बंब, दगडी फरशी, कोपऱ्यातलं घंगाळ. ती म्हणाली, आई, थांब, मला एक शब्द हवाय. मग स्वतःच म्हणाली, राहू दे, मोरीच लिहिते, वाचणाऱ्याला मलाही कळलं नव्हतं ते कळेल.

आता ५२८८ वर आलंय. आधी एका ठिकाणी मी होते म्हणे, मेडिकलची यादी, बीएस्सी वगैरे. तो भाग शेवटी काढला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, ४१० अक्षरं होती आई.